जी पेशी स्लाइडवर दिसत नाही

इओसिनोफिल या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मी रोज मोजते. साताऱ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तंत्रज्ञ आहे. लीशमन रंग दिलेल्या स्लाइडवर ही पेशी शोधावी लागत नाही, ती आपणहून नजरेत भरते. दोन पाळ्यांचं केंद्रक आणि भोवती गच्च भरलेले केशरी दाणे. त्या दाण्यांमधली प्रथिनं अल्कधर्मी आणि इओसिन हा रंग आम्लधर्मी, म्हणून दाणे तो रंग घट्ट धरतात. पॉल अर्लिक या जर्मन शास्त्रज्ञानं १८७९ मध्ये याच गुणावरून तिला नाव दिलं. आमच्याकडे कुणाच्या रिपोर्टात या पेशी वाढलेल्या दिसल्या की डॉक्टर बहुतेक वेळा आधी जंताचं औषध देतात, आणि आपल्याकडे ते योग्यही असतं. माझ्या लेकीच्या रक्तात त्या वाढल्या तेव्हा ती जेमतेम आठ महिन्यांची होती, आणि कारण जंत नव्हते. तिला दुधाची अॅलर्जी होती.

सुरुवात मात्र पोटातून झाली नाही, कातडीतून झाली. चौथ्या महिन्यात तिचे गाल लाल आणि खरखरीत झाले, मग पिंढऱ्या, मग हातांची बाहेरची बाजू. झोपेतसुद्धा ती गाल गादीवर घासायची आणि सकाळी दुपट्यावर रक्ताचे ठिपके असायचे. बालरोगतज्ज्ञांनी पाहताक्षणी एक्झिमा सांगितला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘अंघोळीला काय लावता?’ आमच्याकडे लावतात तेच: डाळीचं पीठ, साय, चिमूटभर हळद. सासूबाई पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं मायेनं करत होत्या. डॉक्टरांनी ते त्याच दिवशी बंद करायला सांगितलं. साबण सौम्य, अंघोळ थोडक्यात, आणि अंग ओलसर असतानाच वास नसलेलं जाडसर मलम भरपूर चोपडायचं.

त्यांनी कारण सांगितलं ते मला आजही पटतं. एक्झिमाच्या मुलांची कातडी पाणी धरून ठेवत नाही आणि बाहेरचं आत येऊ देते. काही मुलांमध्ये फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातच दोष असतो, हे २००६ पासून माहीत आहे. अशा भेगाळलेल्या कातडीतून अन्नातलं प्रथिन आत गेलं की तिथल्या पेशी धोक्याचा संदेश सोडतात. डेंड्रिटिक पेशी, म्हणजे कातडीतल्या पहारेकरी पेशी, ते प्रथिन उचलून जवळच्या लसीकाग्रंथीत नेतात आणि तिथल्या कोवळ्या टी पेशींना (प्रतिकारशक्तीला दिशा देणाऱ्या पांढऱ्या पेशींना) दाखवतात. त्यातून ज्या टी पेशी तयार होतात त्यांना टीएच-२ म्हणतात. त्या बी पेशींना, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींना, आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवायला लावतात. तेच प्रथिन तोंडावाटे आतड्यात गेलं असतं तर बहुधा शरीरानं ते अन्न म्हणून मान्य केलं असतं. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन घातलेल्या एका चेहऱ्याच्या साबणामुळे दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची अॅलर्जी झाली होती; आधी ते सगळे पोळी-पाव-नूडल्स निवांत खात होते. आमच्या लेकीचं दुधाचं दुखणं साईमुळेच सुरू झालं असं कुणीच सांगू शकत नाही. पण एक्झिमा असलेल्या बाळाच्या अंगाला खायचे पदार्थ लावू नका, एवढं मात्र मी आता भेटेल त्या आईला सांगते.

आठव्या महिन्यात नाचणीच्या सत्वाची खीर केली, पहिल्यांदाच वरचं दूध घालून. चार-पाच चमचे गेले असतील. दहा मिनिटांत ओठाभोवती गांधी उठल्या, मग मानेवर, मग पोटावर. वरचा ओठ सुजला. तिनं दोनदा उलटी केली आणि आवाज घोगरा झाला. दवाखाना हाकेच्या अंतरावर होता हे आमचं नशीब. डॉक्टरांनी तिला मांडीवर घेतलं आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अॅड्रेनलिन टोचलं. वजनाच्या किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम हा हिशेब; मिलिलिटरला एक मिलिग्रॅम असलेल्या औषधाचं तिला ०.०८ मिलिलिटर पुरलं. इतका छोटा डोस मी सिरिंजमध्ये कधी पाहिला नव्हता. काही मिनिटांत रडण्याचा आवाज मोकळा झाला.

त्यांनी नंतर समजावलेलं इथे मुद्दाम लिहिते, कारण घरोघरी अशा वेळी अॅलर्जीची गोळी किंवा सिरप शोधलं जातं. अँटिहिस्टामिन हे औषध हिस्टामिनला, म्हणजे अॅलर्जीत पेशींमधून सुटणाऱ्या खाज आणणाऱ्या रसायनाला, त्याच्या जागी बसू देत नाही, त्यामुळे खाज आणि गांधी कमी होतात. पण पेशींमधून आणखी काय काय बाहेर पडत असतं त्याला ते अडवत नाही, सुजलेला घसा उघडत नाही, पडणारा रक्तदाब सावरत नाही. कातडीबरोबर श्वास किंवा पोटही सापडलं, तर पहिलं औषध अॅड्रेनलिनच.

त्यानंतर रक्ततपासणी झाली आणि नमुना आमच्याच लॅबमध्ये आला. स्लाइड मी स्वतः पाहिली. सहकारी म्हणाली, ‘मी बघते, तू राहू दे.’ पण मला बघायचं होतं. शंभर पांढऱ्या पेशी मोजताना चौदा इओसिनोफिल निघाल्या. एरवी चार-पाच असतात. बेसोफिल ही दुसऱ्या जातीची एक पांढरी पेशीही दिसली, जांभळ्या-काळ्या दाण्यांनी केंद्रक झाकून टाकलेली. केशरी दाणे नेहमीसारखेच होते, पण काही पेशींत ते बाहेर सांडल्यासारखे दिसत होते आणि मधे पोकळ जागा होती. मी बराच वेळ त्या एका फील्डवरून हलले नाही.

डॉक्टरांना आकडा दाखवला तेव्हा ते म्हणाले, ‘ताई, तुम्ही ज्या मोजल्यात त्या नंतर जमलेल्या. खीर खाल्ल्यावर दहा मिनिटांत जे झालं ते यांनी केलेलं नाही. ती पेशी तुमच्या स्लाइडवर येणारच नाही.’

ती मास्ट पेशी. अर्लिकनंच १८७८ मध्ये, विद्यार्थी असताना, आपल्या प्रबंधात तिचं वर्णन केलं होतं. ती पूर्ण वाढलेल्या रूपात रक्तात फिरत नाही. कातडीत, आतड्याच्या अस्तरात, श्वासनलिकेत, रक्तवाहिन्यांच्या शेजारी ती घर करून असते, म्हणजे जिथे जिथे बाहेरचं जग शरीराला भिडतं तिथे. तिच्या अंगावर आयजीई प्रतिपिंडं आधीच बसलेली असतात. दुधातल्या प्रथिनाचा एकच रेणू शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम चिकटला की पेशी आपले दाणे बाहेर ओतते. हिस्टामिन त्यात आयतं भरलेलं असतं, म्हणून सगळं इतक्या झटपट होतं. दिवस काढून मी रक्तच पाहते, आणि माझ्या लेकीला झालेला त्रास ज्या पेशीनं दिला ती माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली कधीच येणार नाही, हे पचवायला मला वेळ लागला.

दुधाची विशिष्ट आयजीई, म्हणजे फक्त दुधाच्या प्रथिनांना धरणारी, ६.४ आली. ०.३५ च्या वर म्हणजे पॉझिटिव्ह. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला ५ च्या वर असेल तर दूध दिल्यावर त्रास होण्याची शक्यता फार मोठी. एकूण आयजीईसुद्धा वाढलेली होती, पण त्या आकड्याकडे डॉक्टरांनी फारसं पाहिलं नाही. एकूण आयजीई जंतांनीही वाढते, एक्झिमानंही वाढते, त्यावरून कशाची अॅलर्जी ते कळत नाही. मी स्वतः शेकडो लोकांच्या हातात हा रिपोर्ट दिला आहे, म्हणून हे जास्त जाणवलं.

रक्तात आयजीई असते फार थोडी आणि टिकते दोन-तीन दिवस. मास्ट पेशीवर बसली की मात्र कित्येक आठवडे हलत नाही. म्हणूनच ती सापडायला इतकी वर्षं लागली. १९२१ मध्ये ब्रेस्लाऊ इथं कार्ल प्राउसनित्झ यांनी आपल्या सहकाऱ्याचं, हाइन्झ क्यूस्टनर यांचं, रक्तद्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतलं. क्यूस्टनरना मासे चालत नसत. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला आणि प्राउसनित्झना तिथे गांधी उठली. रक्तद्रवातलं काहीतरी कातडीत जाऊन बसलं होतं. ते ‘काहीतरी’ म्हणजे आयजीई, हे १९६६ मध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्यानं अमेरिकेत डेन्व्हरला दाखवलं. स्वीडनमधल्या उप्सालाचे योहान्सन आणि बेनिश दुसऱ्या वाटेनं तिथेच पोचले.

वर्षाची झाल्यावर तिची प्रिक टेस्ट, म्हणजे कातडीवरची अॅलर्जी चाचणी, करायला पुण्याला गेलो. आधी आठवडाभर अँटिहिस्टामिन बंद ठेवायचं होतं, नाहीतर चाचणी खोटी कोरी येते. ते दिवस खाजेनं कठीण गेले; मलम आणि ओल्या सुती कपड्याच्या घड्या यांवर निभावलं. लहान मुलांची टेस्ट बहुधा पाठीवर करतात. मी तिला छातीशी धरून बसले, नवऱ्यानं खुळखुळा हातात घेतला आणि परिचारिकेनं पाठीवर पेनानं खुणा केल्या. प्रत्येक खुणेशी एक थेंब: तुलनेसाठी मिठाचं पाणी आणि हिस्टामिन, मग गाईच्या दुधाचा अर्क, केसिन हे दुधातलं एक प्रथिन, अंडं. घरून डबीत नेलेलं म्हशीचं आणि शेळीचं ताजं दूधही होतं. प्रत्येक थेंबातून बारीक टोकानं कातडीला नुसता ओरखडा, रक्त येत नाही. लेक एकदाच रडली, ती सुद्धा पाठ थंड लागली म्हणून.

मग पंधरा मिनिटं थांबायचं. मी घड्याळाकडे बघितलं नाही, पाठीकडेच बघत होते. आधी लाली पसरली. मग तिच्या मधोमध, उकळत्या भातावर बुडबुडा यावा तसा, एक पांढुरका उंचवटा वर आला. मिठाच्या पाण्याची जागा सपाट. हिस्टामिनची गांधी ४ मिलिमीटर. गाईच्या दुधाची ८, केसिनची ६, म्हशीची ७, शेळीची ७. अंडं कोरं. परिचारिकेनं प्रत्येक गांधीच्या कडेनं शाईची रेघ ओढली, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबली आणि ती शाई उचलून तिच्या फाइलमधल्या कागदावर चिकटवली. तो कागद मी मागून घेऊन पाहिला. जी पेशी मला स्लाइडवर दिसणार नव्हती तिनं काय केलं ते तिथे मिलिमीटरमध्ये मांडलेलं होतं. दाण्यांतलं हिस्टामिन बाहेर आलं, बारीक रक्तवाहिन्या सैल झाल्या, त्यांतलं पाणी झिरपलं आणि कातडी वर उचलली गेली. सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसणारं मास्ट पेशीचं काम म्हणजे ही गांधी.

तासाभरात पाठ साफ झाली. पण परतीच्या वाटेवर, खंबाटकी घाट ओलांडल्यावर कपडे बदलताना पाहिलं तर गाईच्या दुधाच्या जागी पुन्हा सूज होती, या वेळी पसरट आणि दाबली तर जरा कडक. आता माझ्या ओळखीच्या पेशी आल्या होत्या. मास्ट पेशींनी आणि टीएच-२ पेशींनी सोडलेल्या निरोपांमुळे इओसिनोफिल रक्तातून बाहेर पडून त्या जागी चार ते आठ तासांनी गोळा होतात. मोठी प्रतिक्रिया आली तर मुलाला बरं वाटल्यावरही काही तास दवाखान्यात थांबवून ठेवतात, ते दुसरी लाट येऊ शकते म्हणून. त्रास ओसरला की लोक घाईनं घरी निघतात. तसं करू नये.

घरी सासूबाईंनी पहिला प्रश्न केला तो शेळीच्या दुधाचा. ‘गाईचं नसेल सोसत तर शेळीचं देऊन बघ गं, हलकं असतं.’ त्यांना मी तो कागद दाखवला. गाय, म्हैस, शेळी यांच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी आहेत की आयजीईला फरक कळत नाही. गाईचं दूध न चालणाऱ्या दहांतल्या नऊ मुलांना शेळीचंही चालत नाही. सासूबाईंनी कागद उजेडात धरून गोल मोजले आणि त्यानंतर हा विषय त्यांनीच शेजारणींना समजावायला घेतला. आमच्या घरात साजूक तूपही तिच्या ताटापासून लांब गेलं, कारण त्यात प्रथिनाचा अंश राहतो. सोलकढी, नारळाचं दूध, नाचणी, तीळ यांवर स्वयंपाक आला. पंचामृताचा चमचा आणि प्रसादाचा पेढा यांना नाही म्हणायला मात्र फार बळ लागतं, कारण समोरचा मनापासून देत असतो.

सगळ्यात जास्त ऐकलं ते वाक्य: ‘पोरीची प्रतिकारशक्ती कमी आहे.’ च्यवनप्राश, काढे, ताकदीची पावडर (तीही दुधाची!) असे सल्ले आले. हे ऐकताना मला तळमळ व्हायची. तिची प्रतिकारशक्ती कमी नव्हती. जंतांशी लढायला उत्क्रांतीनं घडवलेली आयजीई, मास्ट पेशी आणि इओसिनोफिल यांची फौज तिच्यात पुरी सज्ज होती. ती चुकीच्या गोष्टीवर चालून जात होती. कमी पडत होती ती आवरणारी पेशी. अशा मुलाला आणखी ‘ताकद’ देऊन काय साधणार?

त्याच काळात एका नातेवाइकानं शंभरेक पदार्थांचं रक्ततपासणी पॅकेज करून घ्यायचा आग्रह धरला. त्यात आयजीजी हा प्रतिपिंडांचा वेगळा प्रकार मोजतात. आयजीजी म्हणजे तो पदार्थ शरीरानं पाहिलेला आहे, एवढंच. त्यातला आयजीजी-४ हा प्रकार तर अॅलर्जी सुटत असताना वाढतो, दुधाच्या प्रथिनाला मास्ट पेशीवरच्या आयजीईपर्यंत पोचण्याआधीच धरतो. म्हणजे चांगल्या खुणेला आजार समजून मुलाच्या ताटातून भात, तूर, केळं काढून टाकलं जातं. वाढत्या वयातली मुलं यानं खंगतात. या व्यवसायात राहून मी सांगते, अन्नाची अॅलर्जी ओळखायला ही तपासणी करू नका.

दर सहा-आठ महिन्यांनी आयजीई पाहत गेलो. आकडा उतरत होता. तीन वर्षं उलटल्यावर पुण्याच्या डॉक्टरांनी भाजलेल्या दुधाची चॅलेंज टेस्ट ठरवली, म्हणजे तो पदार्थ देखरेखीखाली थोडा थोडा खायला देऊन बघायचा. दुधाच्या अॅलर्जीतल्या साधारण सत्तर टक्के मुलांना केकमध्ये भाजलेलं दूध चालतं. भट्टीच्या उष्णतेनं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन या दुधातल्या दुसऱ्या प्रथिनाची घडी मोडते आणि ते गव्हाच्या पिठात गुंततं. केसिन मात्र उष्णतेला दाद देत नाही, म्हणून केसिनची आयजीई जास्त असलेल्या मुलांना वेळ लागतो. ‘मग उकळून दिलं तर?’ हे मला अनेकांनी विचारलं. उकळणं पुरत नाही. मफिन १८० अंशांवर अर्धा तास भाजायचा असतो, पीठ आणि दूध मोजून.

ही टेस्ट घरी करायची नाही, हे मोठ्या अक्षरात लिहावंसं वाटतं. आम्ही वॉर्डात होतो. कॉटच्या उशाशी तिच्या वजनाप्रमाणे भरलेलं अॅड्रेनलिन आणि ऑक्सिजन तयार होता. डॉक्टरांनी मफिनचे वाढत्या मापाचे तुकडे केले, पहिला वाटाण्याएवढा. प्रत्येक तुकड्यानंतर थांबायचं, ओठ, पोट, पाठ बघायची, छातीला स्टेथोस्कोप लावायचा आणि मग पुढचा. लेकीला केक आवडला आणि ती मोठा तुकडा आधी मागत होती. मी दर मिनिटाला तिचा वरचा ओठ बघत होते. शेवटच्या तुकड्यानंतर दोन तास गेले. एक गांधी नाही, एक खोकला नाही. डॉक्टरांनी कागदावर ‘निगेटिव्ह’ लिहिलं. ते वाचताना माझे हात थरथरत होते.

काय घडलं असेल, हे मी त्या दिवशी त्यांना विचारलं. मास्ट पेशी तिथेच आहेत, इओसिनोफिलही आहेत; मग शांत का राहिल्या? त्यांनी नियामक टी पेशींबद्दल सांगितलं, ज्यांना टी-रेग म्हणतात. इतर टी पेशींना आवरणं हे त्यांचं काम. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या ओळखल्या. मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यांच्यामागचं फॉक्सपी-३ जनुक शोधलं. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल या तिघांना मिळालं. हे जनुक बिघडलेली मुलं जन्मतात तेव्हा त्यांना लहानपणीच भयंकर एक्झिमा होतो, आयजीई आभाळाला भिडते, अन्नाची अॅलर्जी होते, आणि शरीर स्वतःच्याच अवयवांवर उठतं. त्यावरून या पेशी नसल्या तर काय होतं ते कळतं. आणि असल्या तर? २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दुधाची अॅलर्जी सुटलेल्या मुलांना दूध दिल्यावर त्यांच्या रक्तात या पेशी जास्त सापडल्या. ज्यांची सुटली नव्हती त्यांच्यात त्या मानानं कमी.

याही पेशी मला स्लाइडवर ओळखू येणार नाहीत. लीशमन रंगात त्या इतर लिम्फोसाइटसारख्याच, म्हणजे बाकीच्या टी आणि बी पेशींसारख्याच, निळ्या-जांभळ्या दिसतात. त्यांना वेगळं काढायला फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींवरच्या खुणा लेझरनं ओळखणारी तपासणी, लागते, आणि ती आम्हाला कुणी करायला सांगितलीही नाही. गरज नव्हती. दोन तास काही न होणं हेच त्यांचं काम होतं.

आता ती आठवड्यातून तीन-चारदा मफिन खाते. तेवढंच दूध, त्याच भाजणीचं, नियमित. मधे आजारपण आलं, पोट बिघडलं तर थांबायचं. बालवाडीत बाईंकडे एक पत्र दिलंय: काय द्यायचं नाही, काय दिसलं तर काय करायचं, आणि अॅम्प्यूल-सिरिंजची पिशवी कुठे आहे. पिशवीवर मुदतीची तारीख मोठ्या आकड्यात लिहिली आहे. बाईंनी डोस भरायचा सराव माझ्यासमोर मिठाच्या पाण्यावर केला.

परवा सासूबाईंनी विचारलं, ‘आता दशमी चालेल ना? दुधात भिजवलेलीच तर असते, आणि तव्यावर भाजतो.’ मी डॉक्टरांना फोन केला. तव्यावर दशमीला जेमतेम दोन-तीन मिनिटं आच लागते, भट्टीतल्या अर्ध्या तासाची बरोबरी होत नाही. ती वरची पायरी आहे. आधी पुन्हा आयजीई, मग केसिन, मग वॉर्डात देऊन बघू, असं ते म्हणाले. दिवाळीनंतरची तारीख मिळाली आहे, आणि ज्वारीची दशमी सासूबाई स्वतः करून डब्यात देणार आहेत.